बाथसाठीचा गाऊन सोलापुरात शिवताना

इंग्लंडमधील बाथ शहरात इंग्रज कादंबरीकार जेन ऑस्टेन हिच्या नावाने भरणाऱ्या महोत्सवासाठी तिच्या काळातला गाऊन इथेच शिवून न्यावा की तिथे भाड्याने घ्यावा, असे आपण विचारले आहे. मी सोलापुरातच शिवून नेला होता आणि तेच सुचवेन. साधारण १७९५ ते १८२० या काळातील या गाऊनची कंबर छातीच्या लगेच खाली येत असल्याने आपल्या शिंप्यांची नेहमीची मापे तिथे चालत नाहीत. म्हणून मी आधी जुन्या पलंगपोसावर कच्चा नमुना बेतून घेतला (सोलापुरी चादर जाड, ती या कामाची नव्हे). कापड मलमलच घ्यावे, कारण त्या काळी बंगालची मलमल युरोपात या पोशाखांसाठी जातच होती. मात्र ती पारदर्शक असते, आणि साडीचा परकर आत घातला तर त्याची नाडी खऱ्या कमरेवर आवळली जाऊन गाऊनची सरळ पडण मोडते. त्याऐवजी खांद्यावरच्या पट्ट्यांनी पेललेला परकर शिवावा. घेर घोट्यापर्यंतच ठेवावा, अन्यथा सप्टेंबरच्या पावसात ओल्या फरसबंदीवर काठ मळतो. प्रवासात गाऊन घडी न घालता गुंडाळून हातातल्या बॅगेत ठेवावा. वर काश्मिरी शाल घ्यावी, तीही त्या काळाला शोभतेच.