शब्दचर्चा: संशोधनाचा ‘ॲक्सेस’ म्हणजे प्रवेश, उपलब्धता की पोहोच?

प्रश्न:
ग्रंथालयशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी ‘रिसर्च फोर लाइफ’वर मराठीत टिपण लिहिते आहे. गरीब देशांतल्या डॉक्टरांना, संशोधकांना महागडी नियतकालिके वाचता यावीत म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या संस्था, विद्यापीठे आणि प्रकाशक मिळून हा उपक्रम चालवतात. ‘ॲक्सेस’साठी ‘प्रवेश’ आणि ‘पार्टनरशिप’साठी ‘भागीदारी’ लिहिले. दोन्ही शब्द खटकताहेत. काय लिहावे?

उत्तर:
ताई, ‘प्रवेश’ खटकणारच. प्रवेश म्हटले की अकरावीच्या याद्या डोळ्यांसमोर येतात, नाहीतर प्रदर्शनाबाहेरची ‘प्रवेश विनामूल्य’ ही पाटी. त्यात माणूस आत जातो. इथे माणूस जागेवरच बसलेला असतो, लेख त्याच्या हाती यायला हवा असतो.

‘उपलब्धता’ रुळलेला शब्द आहे, पण तो पुस्तकाच्या बाजूने बोलतो. मी पूर्वी ज्या ग्रंथालयात होतो तिथे जाडजूड संदर्भग्रंथ काचेच्या कपाटात असत. नोंदवहीत सगळे उपलब्ध. किल्ली कार्यालयात, कार्यालय पाचला बंद, आणि मुले प्रात्यक्षिके उरकून यायची साडेपाचला. काचेला नाक लावून पुस्तकांच्या कण्यांवरची नावे वाचत उभी राहायची. शोधनिबंधांचे तसेच आहे. सारांश दिसतो आणि खाली चौकट येते, ३०-४० डॉलर भरा.

म्हणून नाम हवेच असेल तर ‘पोहोच’ घ्या. फक्त ‘पोच’ लिहू नका, ती पावती होते. आणि शक्य तिथे नाम सोडून क्रियापदच वापरा. ‘संशोधनाची पोहोच वाढवणे’पेक्षा ‘संशोधन वाचायला मिळणे’ कितीतरी सरळ आहे.

‘भागीदारी’बद्दल माझा आक्षेप जास्त आहे. मराठीत भागीदार म्हणजे नफ्यातोट्यात वाटेकरी. या उपक्रमातला पहिला कार्यक्रम ‘हिनारी’ जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २००२ मध्ये सहा मोठ्या प्रकाशकांसह सुरू केला. शेतीसाठीचा ‘अगोरा’ २००३ चा, तो अन्न व कृषी संघटनेचा. अतिगरीब देशांना फुकट आणि त्यांच्या वरच्या गटाला थोड्या वर्गणीत, अशी रचना. मोलाचे काम आहे. पण जानेवारी २०११ मध्ये काही प्रकाशकांनी बांगलादेशाला मिळणारी दोन हजारांहून अधिक नियतकालिके अचानक बंद केली. ओरड झाल्यावर बरीचशी परत सुरू झाली. ढाक्यातल्या डॉक्टरला त्या निर्णयात काय वाटा होता? प्रकाशक आणि संस्था आपापसांत भागीदार असतील, वाचक नाही. तिथे ‘सहकार्य’ किंवा ‘करार’ लिहा.

प्रश्नकर्ती:
पटले. मग ‘मुक्त पोहोच’ चालेल?

उत्तर:
हिनारीसाठी नको. ‘मुक्त’ शब्द ‘ओपन ॲक्सेस’साठी, म्हणजे बुडापेस्टच्या जाहीरनाम्यातल्या कल्पनेसाठी राखून ठेवा. तोही २००२ चाच, फेब्रुवारीचा. त्यात लेख कुणीही, कुठूनही, पैसे न देता वाचावा, उतरवून घ्यावा, वाटावा असे म्हटले आहे. हिनारीत यादीतल्या देशांतल्या नोंदणीकृत संस्थांनाच लेख मिळतात. ती सवलत आहे. भारत त्या यादीत नाही, हेही टिपणात येऊ द्या. विद्यार्थी हमखास विचारतील.

दुसरे उत्तर:
भारताचे निघालेच आहे तर ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’चाही विचार करा. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने मंजूर केलेली योजना, तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके. इथे ‘वर्गणी’ हा जुना शब्द चपखल बसतो. सरकारने सर्वांच्या वतीने वर्गणी भरली. ‘सर्वांच्या’ म्हणजे सरकारी उच्चशिक्षण आणि संशोधन संस्थांच्या. खासगी महाविद्यालयातला प्राध्यापक त्यात धरलेला नाही. म्हणून त्यालाही ‘मुक्त’ म्हणू नये.

प्रश्नकर्ती:
दोघांचेही आभार. पहिले वाक्य आता असे केले आहे: ‘गरीब देशांतल्या वाचकांना शोधनिबंध फुकट किंवा अल्प वर्गणीत वाचायला मिळावेत, यासाठी प्रकाशकांच्या सहकार्याने चालणारा उपक्रम.’ प्रवेश गेला, भागीदारीही गेली. ‘पोहोच’ फक्त शीर्षकात ठेवते.