सॅन स्टॉर्म एकूण किती बनल्या, किती पासिंग झाल्या? हिशेब कसा लावायचा?

तापीकाठ (भुसावळ)

राम राम मंडळी. आमच्या ओळखीच्या एका जिनिंगवाल्या काकांच्या शेडमध्ये, सरकीच्या पोत्यांमागे, लाल सॅन स्टॉर्म उभी आहे. नव्या पोरांना माहीत नसेल म्हणून सांगतो: गोव्यात बनलेली दोन सीटची उघडी गाडी, १९९८ च्या सुमाराची. फायबरची बॉडी, आत रेनोचं ११४९ सीसी पेट्रोल इंजिन. काकांनी ती गोव्याहूनच आणली होती, मूळ पासिंग जीए-०१, नंतर इकडे एमएच-१९ करून घेतली.

आता काकांना विकायची आहे आणि भाव लावलाय असा की ऐकूनच घाम फुटतो. का, तर म्हणे "अख्ख्या देशात अशा पन्नास पण नसतील." मी जाहिराती आणि जुन्या गाड्यांच्या मेळाव्यांचे फोटो शोधून नंबर प्लेटची यादी करायला घेतलीय. यावरून एकूण आकडा काढता येतो का? कोणी असं काम केलंय का?

कपाशी_टर्बो (चोपडा)

त्यात काय एवढं! सरकारच्या 'वाहन' या गाडीनोंदणीच्या संकेतस्थळाच्या डॅशबोर्डवर कंपनीचं नाव टाका, आकडा समोर. आणि फोटो दखाडा ना भो.

अठरा पासिंग (धुळे)

कपाशीभाऊ, इतकं सोपं असतं तर आमच्यासारख्यांचं पोट कसं भरलं असतं? मी आरटीओच्या कागदपत्रांचंच काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

डॅशबोर्डवर तेवढंच दिसतं जेवढं संगणकात चढलंय. १९९८-९९ च्या नोंदी हाताने लिहिलेल्या रजिस्टरात होत्या. नंतर कोणी ट्रान्सफरला, रिन्यूअलला किंवा कर्जाचा बोजा उतरवायला आलं तर त्या गाडीची बॅकलॉग एन्ट्री झाली, म्हणजे जुनी नोंद संगणकात चढली. जो आलाच नाही, त्याची गाडी रजिस्टरातच राहिली. शिवाय तेलंगणाचा डेटा त्या डॅशबोर्डात बरीच वर्षं धरलेला नव्हता, आणि हौशी गाड्यांचं हैदराबाद तर तिकडेच.

तापीकाठ, तुमच्या यादीचा घोळ वेगळा आहे. तुम्ही प्लेटा मोजताय. काकांची गाडी तुमच्या यादीत किती वेळा येईल? जुन्या फोटोत जीए-०१, नव्या फोटोत एमएच-१९. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांवर गाडी ठेवली की मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे नवा नंबर घ्यावा लागतो. फॉर्म २८ वर एनओसी (ना हरकत दाखला) येते आणि इकडचं पासिंग मिळतं. हौसेच्या गाड्या तर राज्यं बदलतच फिरतात. प्लेट म्हणजे अंगातला सदरा, माणूस मोजायचा तर चेसिस नंबर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर ठोकलेला नंबर, धरा.

आता चेसिस नंबर कसा वाचायचा. सगळे आकडे मोजणीचे नसतात. सुरुवातीची अक्षरं कंपनीची नि मॉडेलची, मध्ये कुठेतरी साल किंवा महिना, आणि शेवटचे तीन-चार-पाच आकडे अनुक्रमाचे. दोन-तीन गाड्यांचे नंबर एकाखाली एक लिहा, काय बदलतं नि काय तसंच राहतं ते लगेच दिसेल. दरवर्षी अनुक्रम पुन्हा एकपासून सुरू होत होता का, तेही त्यातच कळेल. सतरा अक्षरी नंबर असेल तर त्यात आय, ओ, क्यू ही अक्षरं नसतातच. आरसीवर "ओ" दिसला तर तो शून्य समजा. कारकुनाच्या हस्ताक्षरापायी मी भलभलते नंबर पाहिलेत.

ऑनलाइन शोधाल तर चेसिसचे शेवटचे आकडे झाकलेले दिसतात, आणि आपल्याला नेमके तेच हवे! म्हणून काकांची फाईल काढा. त्यात विक्रीचा फॉर्म २१ आणि गाडी रस्त्यायोग्य असल्याचा कंपनीचा फॉर्म २२ असेल तर सोनं. नसेल तर चेसिसवर जिथे नंबर ठोकलाय ती जागा रॉकेलच्या फडक्याने पुसा, पांढरी चिकटपट्टी लावा, वरून शिसपेन्सिल आडवी धरून हलक्या हाताने घासा. आकडे काळ्यात पांढरे उमटतात. बॉडी फायबरची, ती गंजणार नाही, पण खालची लोखंडी चेसिस सरकीच्या ओलीत किती टिकलीय तेही त्याच वेळी बघून घ्या.

इंजिन नंबराच्या मागे लागू नका. इंजिन रेनोचं, म्हणजे त्यावरचा अनुक्रम रेनोच्या इंजिनांचा. त्यावरून इंजिन किती बनली ते कळेल, स्टॉर्म किती ते नाही.

असे काही चेसिस नंबर जमले की गणित आहे. दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांनी हाती लागलेल्या जर्मन रणगाड्यांच्या अनुक्रमांकांवरून उत्पादन काढलं होतं. ऑगस्ट १९४२ साठी हेरांचा अंदाज होता महिन्याला १५५०, गणिताचा ३२७. युद्धानंतर जर्मन कागद सापडले, खरा आकडा ३४२. सूत्र असं: सापडलेला सर्वांत मोठा क्रमांक, अधिक तोच क्रमांक भागिले सापडलेल्या गाड्यांची संख्या, वजा एक. समजा १४, २३, ३१, ४७, ६० असे पाच सापडले, तर ६० + १२ − १ = ७१.

पण हे तेव्हाच, जेव्हा अनुक्रम एकपासून सुरू झालाय आणि मधले आकडे गाळलेले नाहीत. छोट्या कंपन्या एकशे एकपासूनही सुरू करतात, ऐकायला बरं वाटतं म्हणून. सगळ्यात लहान क्रमांकावर नजर ठेवा.

तापीकाठ (भुसावळ)

दादा, तुम्ही तर क्लासच घेतला, आभार. म्हणजे चेसिसवरून जो आकडा निघेल तेवढ्या गाड्या पासिंग झाल्या असं धरायचं का?

अठरा पासिंग (धुळे)

नाही. बनलेल्या, पासिंग झालेल्या आणि आज उभ्या असलेल्या, हे तीन वेगळे आकडे. टेस्टिंगच्या आणि डेमोच्या गाड्या ट्रेड सर्टिफिकेटवर (कंपनीला नि डीलरला मिळणाऱ्या परवान्यावर) फिरतात, त्या सगळ्यांना कायमचं पासिंग मिळतंच असं नाही, चेसिस नंबर मात्र असतो. परदेशी गेलेल्या असतील तर त्याही इथल्या रजिस्टरात नाहीत.

जगात मोठमोठ्यांचं हेच आहे. फेरारी २५० जीटीओ ही इटलीची शर्यतीची गाडी घ्या, १९६२ ते ६४ ची. शर्यतीच्या नियमाला शंभर गाड्या हव्या होत्या, बनल्या ३६. तिथे एकेका चेसिसचा इतिहास लिहिलेला आहे, म्हणून आज ठामपणे ३६ म्हणता येतं. स्टॉर्मसाठी ते काम कोणी बसून केलं पाहिजे, तुम्हीच करा.

आणि उभ्या असलेल्यांसाठी: खाजगी गाडीचं पासिंग पंधरा वर्षांचं. १९९८ ची गाडी २०१३ ला रिन्यू झाली नसेल तर कागदावर ती बाद, पण शेडमध्ये उभी असू शकते. काकांनी रिन्यू केलीय का, ते आधी विचारा. भावाचं नंतर.

गिरणामाई (चाळीसगाव)

मी हौशी आहे, जाणकार नाही, पण घ्यायच्या आधी समोरची काच नीट बघा. ती फुटली तर कुठून आणणार? देशात पन्नास असोत की पाचशे, काच मिळत नसेल तर गाडी शोभेचीच.

तापीकाठ (भुसावळ)

काल काकांकडे गेलो होतो. काच शाबूत आहे, वायपर गायब. आरसी २०१३ नंतर रिन्यू नाही. पट्टी लावून चेसिसचा छाप घेतला, शेवटचे तीन आकडे स्वच्छ आलेत. ज्यांच्याकडे स्टॉर्म आहे त्यांनी फक्त चेसिसचे शेवटचे आकडे आणि पहिलं पासिंग कुठलं एवढंच मला निरोपात पाठवा. मालकाचं नाव, पत्ता नको. कपाशीभाऊ, फोटो रविवारी टाकतो, आधी पोती हलवू द्या.