जपान्यांना इंग्रजी नकोच असतं?

निशीकासाईकर: "जपान्यांना मातृभाषेचा माज, इंग्रजी शिकायची इच्छाच नाही" असं काल इथे कुणीतरी ठोकून दिलंय. टोकियोत अकरा वर्षं काढलीत, गप्प बसवेना. आमच्या ऑफिसातल्या एकाला टोइक या इंग्रजीच्या परीक्षेत ९९० पैकी ८६० गुण. क्लायंटच्या कॉलवर मात्र दातखीळ. नंतर जेवताना म्हणाला, "वाक्य मनात बरोबर जुळेपर्यंत विषयच बदलला." शाळेत सहा वर्षं वाक्यं फोडायची आणि जपानीत उलथवायची, प्रवेशपरीक्षेपुरती. विद्यापीठ प्रवेशाच्या सेंटर परीक्षेत इंग्रजी ऐकण्याचा पेपर आला तोच २००६ साली. खासगी परीक्षांमधून बोलणंही तपासायचं ठरलं, ते नोव्हेंबर २०१९मध्ये लांबणीवर पडलं ते पडलंच. याला माज म्हणायचं की धास्ती?

हिशेबी: धास्तीबिस्ती काही नाही, गरज नाही. इंजिनिअरिंगची पुस्तकं जपानीत, डॉक्टर जपानीत, नोकरी जपानीत. ऑनलाइन विक्रीवाल्या राकुतेनने २०१२मध्ये कंपनीची भाषा इंग्रजी केली, बढती टोइकच्या गुणांवर टांगली, तेव्हा शिकले झक मारत.

निशीकासाईकर: झक मारत गुण मिळवले म्हणा. बोलणं निराळं.

कोथरूडची काकू: मला तर त्यांचं मॅकडोनाल्डचं 'माकुदोनारुदो' ऐकूनच हसू येतं.

भाऊराव: 'हापिस' आणि 'ठेसन' म्हणणाऱ्यांनी हसू नये. परके शब्द ते ज्या लिपीत लिहितात त्या काताकानात 'ल' नाही, 'न' सोडला तर सुटं व्यंजन नाही. पोरं लहानपणापासून तेच वाचतात. पण विज्ञान स्वतःच्या भाषेत शिकतात ना! आपल्याकडे मराठी शाळांना टाळं लागतंय…

कोथरूडची काकू: झाला सुरू मराठी शाळांचा गजर! विषय कुठलाही असो.

भाऊराव: पोटात तुटतं म्हणून बोलतो, काकू. मी तीस वर्षं शिकवलं त्या शाळेत यंदा पहिलीला चार मुलं. चार! निशीकासाईकर, जपानचे गोडवे गाताय, तुमची मुलगी कुठल्या माध्यमात?

निशीकासाईकर: घरावर जायचं काम नाही.

भाऊराव: म्हणजे इंग्रजी.

निशीकासाईकर: हो, इंग्रजी. इथल्याच भारतीय शाळेत. हसून घ्या. पण तिच्या वर्गात जपानी मुलंही आहेत, इंग्रजी यावं म्हणून मुद्दाम घातलेली. शाळा सुटताना एक जपानी आई मला रोज वाकून नमस्कार करते. पुढचं सगळं तिचा सात वर्षांचा मुलगा इंग्रजीत सांगतो, ती नुसती मान डोलावते. इच्छा नाही म्हणे!

हिशेबी: बरं बाबा, इच्छा आहे. दुसऱ्याने बोलावं अशी.