'अनएक्सप्लेन्ड'ला मराठीत काय म्हणाल? (आणि कोरोनरला?)

रामबागकर (इंदूर)
मंडळी, अडलोय. भाची इंग्लंडात नर्स आहे. तिथे तान्हं बाळ झोपेत अचानक गेलं आणि कारण कळलं नाही, तर प्रकरण कायद्यानंच कोरोनरकडे, म्हणजे अशा मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जातं. नातवंडं सांभाळायला गेलेले आपले आजी-आजोबा दारात पोलीस बघून हबकतात, म्हणून तिला मराठीत दोन पानी माहिती हवी आहे. 'सडन अनएक्सप्लेन्ड डेथ'ला 'संशयास्पद मृत्यू' लिहिलं तर भाची फोनवर ओरडलीच. 'अस्पष्टीकृत' लिहिलं तर आई म्हणाली, हे कुठलं औषध?

मांडवीकर (बडोदा)
'अकस्मात मोत'. आमचे पोलीस हेच लिहितात, महाराष्ट्रात 'अकस्मात मृत्यू'. विषय संपला.

रामबागकर
संपला कसा? ट्रकखाली आलेला माणूसही अकस्मातच गेला की. शिवाय 'अनपेक्षित' वेगळं, हे वेगळं. धडधाकट बाळ गेलं, शवविच्छेदनात न्यूमोनिया निघाला, तर तो मृत्यू अनपेक्षित होता, पण कारण मिळालं. सगळं तपासूनही हाती काही लागलं नाही, त्यासाठी शब्द हवाय.

शुद्धमराठी
अनाकलनीय. आणि कोरोनर म्हणजे अपमृत्यू-निर्णेता. शब्द आहेत, आपल्यालाच वापरायची लाज वाटते.

सुमनमावशी
अहो, अपमृत्यू म्हटलं की आमच्या घरात नारायणबळी निघतो! बाळ गेलेल्या आईच्या हातात असा कागद देणार? साधं 'मूल दगावलं' म्हणा.

शुद्धमराठी
मावशी, दगावणं 'दगा'वरून, म्हणजे फारसी. शिवाय म्हशीही दगावतात.

सुमनमावशी
म्हैस दगावल्यावरही माणसं रडतातच, भाऊ.

लष्करवाले काका (ग्वाल्हेर)
इकडे ठाण्यात 'मर्ग कायम' करतात. कुणी मेल्याची खबर आली की आधी मर्ग, गुन्हा पुढे दिसला तर दिसला. दोन अक्षरं, आरोप कुणावर नाही. हाच शब्द घ्या.

मांडवीकर
काका, ते इंग्रजी 'मॉर्ग'. शवागार.

लष्करवाले काका
मुळीच नाही. मॉर्ग फ्रेंच, पॅरिसच्या शवागाराचं नाव. आपला मर्ग फारसी, म्हणजे मृत्यू. संस्कृतातला 'मृ' तोच, त्यामुळे मर्ग आणि मृत्यू चुलतभाऊ. शुद्धमराठी यांनीही हरकत घेऊ नये. माझ्या मते आपली 'मरगळ'सुद्धा त्याच घरातली.

शुद्धमराठी
मरगळ फारसी? आता मात्र हद्द झाली.

वकीलीणबाई (इंदूर)
मुद्द्यावर येते. कोरोनरला आपला शब्द नाही, कारण तो आपल्या संस्थानी मुलखात कधी नव्हताच. 1871 चा कोरोनर कायदा मुंबई, कलकत्ता अशा इंग्रजांच्या इलाखा शहरांपुरता. मुंबईचं कोरोनर कोर्टही 1999 मध्ये बंद झालं. होळकर, शिंदे, गायकवाड यांच्या प्रजेला कोरोनर ठाऊक असायचं कारण नाही. आपल्याकडे पोलीसच पंच बोलावून पंचनामा करतात. पूर्वीचं फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 174, आता 1 जुलै 2024 पासून नागरिक सुरक्षा संहितेचं 194. लग्नाला सात वर्षं व्हायच्या आत बाई गेली तर त्यात खास तरतूद आहे. तान्ह्या बाळासाठी वेगळं काही नाही.

तिकडे कोरोनरचं काम 2009 च्या कायद्यानं आखून दिलंय: मेलं कोण, कसं, केव्हा, कुठे. अमक्यानं गुन्हा केला असं त्याला म्हणताच येत नाही. शवविच्छेदनाला आई-बापाची संमती लागत नाही, आणि त्यातही कारण निघालं नाही तर पुढे 'इन्क्वेस्ट', म्हणजे कोरोनरपुढची सुनावणी, होते. म्हणून 'निर्णेता' नको, उगाच न्यायाधीश वाटतो. 'कोरोनर'च ठेवा, पहिल्यांदा येईल तिथे एक वाक्य समजावून लिहा.

आणि 'संशयास्पद' तर चुकूनही नको. सॅली क्लार्क या आईची दोन बाळं गेली. एका घरात असे दोन मृत्यू आपोआप होण्याची शक्यता 7 कोटी 30 लाखांत एक, असं एका नामांकित डॉक्टरनं कोर्टात सांगितलं. 1999 मध्ये तिला जन्मठेप झाली. दोन मृत्यूंचा एकमेकांशी काही संबंधच नाही असं धरून केलेला तो गुणाकार होता. 2003 मध्ये ती सुटली.

सुमनमावशी
देवा! आम्ही तर सगळी पोरं पालथी निजवली, वायू सरतो म्हणून. आता सून उताणंच निजवते, डॉक्टरांनी बजावलंय म्हणे.

रामबागकर
वकीलीणबाई, आभार. 'कारण न सापडलेला मृत्यू' कसं वाटतं?

शुद्धमराठी
ही व्याख्या झाली, संज्ञा नव्हे.

वकीलीणबाई
आजीला संज्ञा करायचीय काय! फक्त 'अजून' घालू नका. 'कारण अजून सापडलेलं नाही' वाचलं की माणसं वाट बघत बसतात.

मांडवीकर
सयाजीरावांनी 1931 मध्ये आठ भाषांचा शासन-शब्दकल्पतरू काढला, त्यात कोरोनर असणारच. आजोबांच्या कपाटात होता, वाटण्या झाल्या तेव्हा कुणाकडे गेला कोण जाणे. कुणाकडे असेल तर पान बघा.

शुद्धमराठी
कोरोनर 'कोरोना'वरून नाही ना? :)

लष्करवाले काका
हसू नका, मूळ एकच आहे. लॅटिन कोरोना म्हणजे मुकुट. कोरोनर हा राजाचा, म्हणजे मुकुटाचा माणूस. विषाणूला काटे मुकुटासारखे. बरं, आमच्याकडे मर्गात पंचांना बोलावतात त्या कागदाला 'सफीना' म्हणतात, पंचनाम्याला 'नक्शा पंचायतनामा'. सफीना अरबी, म्हणजे जहाज. पोलिसात जहाज कुठून आलं?

वकीलीणबाई
काका, ते 'सबपीना'चं, म्हणजे हजर राहण्याच्या कोर्टाच्या हुकमाचं, देशी रूप असणार. आमचे जुने मुन्शी तसंच म्हणायचे.

लष्करवाले काका
पटत नाही. सफीना म्हणजे टिपणवहीसुद्धा. वहीतलं पान फाडून दिलं, झाला सफीना.

मांडवीकर
आमच्याकडे नुसतं समन्स. पण सफीना छान आहे, मुलीचं नाव ठेवावं असं.