मदत हवी आहे: अकूस्टिक गिटारच्या एक्स-ब्रेसचं एक टोक सुटलंय, उपटू की तसंच चिकटवू?

मंडळी, पहिलीच गिटार बांधतोय. स्टीलच्या तारांची, ड्रेडनॉट (मोठ्या, रुंद) आकाराची. रोझेट (आवाजाच्या भोकाभोवतीची नक्षी) बसली, टॉप (गिटारची पुढची फळी) २.८ मिमीपर्यंत उतरवून झाला आणि आता ब्रेसवर, म्हणजे टॉपला आतून बळकटी देणाऱ्या पट्ट्यांवर, घोडं अडलंय.

एक्स-ब्रेसच्या, म्हणजे एक्स आकारात एकमेकींना छेदणाऱ्या पट्ट्यांच्या, दोन पायांपैकी एकाचं खालच्या अंगाचं टोक टॉपपासून सुटलंय. वरवर बघितलं तर काहीच कळत नाही. पण बोटाच्या पेराने टॉपवर टकटक करत गेलो की तेवढ्या जागी आवाज एकदम बद्द येतो. कागदाची कड फटीत सरकवली तर चार सेंमी आत जाते. सुरीच्या पात्याने टोक जरासं उचलून टॉर्च मारला, तर पट्टीवर गोंदाचा थर काचेसारखा चकचकीत दिसला. टॉपच्या लाकडाचा एक तंतूही त्याला लागलेला नाही.

मी काय केलं ते सांगतो, म्हणजे चूक पकडता येईल. स्प्रूसच्या पट्ट्या, ८ मिमी रुंद, १६ मिमी उंच, रेषा उभ्या. २८ फुटी रेडियस डिशमध्ये (२८ फूट त्रिज्येच्या गोलाईची उथळ थाळी) ८० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवून त्यावर पट्ट्या पुढेमागे घासून बूड गोलाईला आणलं. मग मधल्या जोडाच्या खाचा कापल्या. नंतर कामाच्या गडबडीत आठवडाभर पट्ट्या तशाच पडून राहिल्या. लावताना दोन्ही पाय एकदमच लावले, पिवळा लाकूडगोंद वापरला आणि गो-बारच्या काड्यांनी (वरच्या फळीला टेकवून वाकवून बसवायच्या लवचिक काड्या) दाबून रात्रभर ठेवलं. गोंद लावायला घेतल्यापासून शेवटची काडी बसेपर्यंत दहाएक मिनिटं नक्की गेली. काड्या ताणून बसवल्यावर फट कुठेच नव्हती, म्हणून मी निर्धास्त होतो.

सुटलेल्या जागी गोंद सारून पुन्हा दाबलं तर टिकेल का? की पूर्ण पाय काढायचा? शिवाय मधला जोडही किंचित सैल आहे, पोस्टकार्डाचा कागद जाईल एवढा. ही गिटार मला वर्षानुवर्षं वाजवायची आहे, त्यामुळे काम वाढलं तरी चालेल. बाकीच्या ब्रेस अजून लावलेल्या नाहीत.

प्रतिसाद १

गोंद चकचकीत आहे म्हणजे तो टॉपला टेकलाच नाही, किंवा टेकेपर्यंत त्यावर साय धरली होती. दहा मिनिटं फार झाली. पिवळ्या गोंदाला पाचेक मिनिटांच्या आत दाब मिळायला हवा. एका वेळी एकच पाय लावा, आणि आधी गोंदाशिवाय सगळ्या काड्या बसवून रंगीत तालीम करा.

पण मला संशय बुडाच्या बसण्याचा जास्त आहे. पट्टी डिशवर घासताना हात टोकाशी खाली झुकतो आणि टोक नकळत जास्त घासलं जातं. २८ फुटांच्या गोलाईत ४५ सेंमी लांबीला मध्यभागी उंचवटा येतो फक्त ३ मिमी. तिथे टोकाला अर्धा मिमी जास्त गेला तरी पुष्कळ झाला. काडीच्या जोराने टॉप वाकून फट मिटते, तुम्हाला वाटतं बसलं. काड्या काढल्या की टॉप आपल्या जागी परत जायला बघतो आणि तो ताण कायम गोंदावर राहतो. काडीचं काम नुसतं धरून ठेवण्याचं आहे. पट्टी हाताने टेकवली तरी फट दिसता कामा नये.

गोंद सारण्याच्या फंदात पडू नका. सुकलेल्या पिवळ्या गोंदावर नवा गोंद नीट धरत नाही. एक सांगा, सुटलेला पाय जोडात वरचा आहे की खालचा? आणि लावलं त्या दिवशी खोलीत आर्द्रता किती होती?

धागाकर्ता

वरचा आहे, त्याची खाच टॉपच्या बाजूला उघडते. आर्द्रता ६२ टक्के होती.

प्रतिसाद १

वरचा असेल तर सुटलात. खालचा न हलवता तो एकटा निघेल. पातळ पॅलेट नाइफ गरम करून सुटलेल्या टोकाकडून हळूहळू आत सारा, पातं निवलं की परत गरम करा. घाई केली तर टॉपचे तंतू उपटून येतील. जुना गोंद टॉपवरून पूर्ण खरवडा, आणि पट्टी नवीनच करा.

६२ टक्क्यांत ब्रेस लावू नये. टॉप रेषांना आडवा फुगतो, ब्रेस लांबीत जवळजवळ फुगतच नाही. दमट हवेत चिकटवलेला टॉप पुढे कोरड्यात आकसला की उंचवटा खाली बसतो, कधी तडाही जातो. ४०-४५ टक्क्यांवर आणा, टॉप आणि पट्ट्या तिथे काही दिवस मुरू द्या. शेवटचा घासा चिकटवायच्या दिवशीच मारा.

प्रतिसाद २

जोडाबद्दल: तिथे प्रत्येक पायाची उंची निम्मीच उरते आणि तारांचा ताण सगळा मिळून ७० किलोच्या पुढे असतो. त्यामुळे सैल सोडू नका. नवीन पट्टीची खाच सुरीने आखा, करवत रेषेच्या आतून चालवा, उरलेलं पटाशीने तासत हाताच्या दाबाने बसेल एवढंच काढा. वरून स्प्रूसची पातळ टोपी किंवा गोंदात भिजवलेलं कापड लावतात, पण ते घट्ट जोडावर. सैलपणा त्याने भरत नाही.

धागाकर्ता

पाय निघाला, दीड तास लागला. टॉप शाबूत आहे. काढलेल्या पट्टीचं बूड खरवडून, डिशच्या पेपरवर खडू फासून नुसतं टेकवलं आणि हलकेच एकदा ओढलं. मधे सगळीकडे पांढरं उमटलं, सुटलेल्या टोकाचे चार सेंमी मात्र कोरे. नवीन पट्टी कापून ठेवली आहे. आर्द्रता आज ५१ आहे, अजून हात लावत नाही.