मदत हवी आहे: बांधावरच्या झाडांच्या कार्बन करारावर सही करावी का?

नमस्कार मंडळी. दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात एक माणूस कार्बन क्रेडिटचा (म्हणजे झाडांनी हवेतला कार्बन शोषल्याबद्दल मिळणारं, विकता येणारं प्रमाणपत्र) करार घेऊन फिरतोय. बांधावर साग, बांबू लावा, दरवर्षी पैसे येतील म्हणतो. मुदत 30 वर्षं!

हवामान बदलावरच्या पॅरिस कराराच्या कलम 6 मध्ये देशादेशांतल्या अशा क्रेडिटच्या व्यापाराची तरतूद आहे, त्याचे नियम 2024 च्या बाकू हवामान परिषदेत मार्गी लागले, एवढं वाचलंय. पण हे क्रेडिट त्यातलं की खासगी बाजारातलं, ते त्यालाही धड सांगता येत नाही. (चहा मात्र घरोघरी पिऊन गेला.)

मधेच वाटणी झाली, वावर विकलं किंवा झाडं जळाली तर भरपाई कोणाच्या अंगावर? सातबाऱ्यावर नोंद चढते का? करार इंग्रजीत आहे. कोणी असा कागद वाचला असेल तर सांगा जी, पोळा झाला की तो सह्या घ्यायला येणार आहे.