मदत हवी आहे: बाण कायम डावीकडेच का जातोय?

नमस्कार मंडळी,

मुक्काम कोपरखैरणे. गेल्या दिवाळीत स्वतःलाच भेट म्हणून लाकडी रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेलं) धनुष्य घेतलं. साईट म्हणजे नेम धरायची खूण वगैरे काही नाही, बाण मुठीवरच्या शेल्फवरूनच, म्हणजे खाचेच्या कडेवरूनच सुटतो. हात उजवा. तळोज्याला मामाची रिकामी शेड आहे, मागे भिंत आणि रेतीच्या गोण्या, पुढे गाद्यांचा जुना फोम आवळून केलेलं टार्गेट. रविवारी तिथे १५ मीटरवरून सराव.

त्रास असा, की बाण शेपूट हलवत जातो आणि डावीकडे लागतो. वाटलं रिलीज, म्हणजे दोरी सोडणं चुकतंय. दोन महिने बोटांच्या मागे लागले, घरी आरशासमोर उभं राहून नुसती दोरी ओढायचे. आईने विचारलं, बरी आहेस ना? शेवटी, पंखांशिवाय बाण कुठे जातो ते बघायला, गेल्या रविवारी दोन बाणांचे पंख सोलून काढले. पंखवाले तीन बाण एका मुठीत मावतील इतके जवळ लागले. बिनपंखांचे दोन्ही त्यांच्यापासून वीतभर डावीकडे आणि चार बोटं खाली. तीनदा मारून बघितलं, तिन्ही वेळा तेच.

माहिती: धनुष्यावर ३५ पौंड (ओढायचा जोर) लिहिलंय. बाण कार्बनचे, ५०० स्पाईन (बाण किती वाकतो त्याचा आकडा), लांबी ३० इंच, टोक १०० ग्रेन (वजनाचं माप), पंख प्लास्टिकचे. दुकानदार म्हणतो, बाण लांब आहेत, दोन इंच कापून घ्या. कापू का?

प्रतिसाद
दादा, टेरेसवर मारत नाही ना? आमच्या सोसायटीत एकाने उद्योग केला होता, बाण शेजारच्या विंगमधल्या एसीत सापडला.

प्रतिसाद
दादा नाही, ताई. आणि टेरेसवर नाही, शेड वर लिहिली आहे.

प्रतिसाद
ताई, आधी ती करवत खाली ठेवा! कापलेला बाण परत वाढत नाही.

उजव्या हाताच्या माणसाचा बिनपंखी बाण डावीकडे पडतो, म्हणजे बाण त्या धनुष्याला कडक होतोय. दोरी सुटली की बाण मासळीसारखा वळवळतो आणि मुठीला वळसा घालून निघतो. तुमच्या शेल्फवरून बाण धनुष्याच्या बरोबर मधून जात नाही, बाजूने जातो, त्यामुळे हा वळसा घ्यावाच लागतो. कडक बाण पुरेसा वाकत नाही, मुठीचा धक्का खाऊन बाहेर फेकला जातो. कापला तर आणखी कडक होईल.

५०० म्हणजे काय, तर २८ इंचांवर दोन टेकू, मधोमध ८८० ग्रॅम वजन टांगलं की बाण अर्धा इंच वाकतो. आकडा मोठा तितका बाण मऊ. (लाकडी बाणांचा हिशोब उलटा, तिथे स्पाईन पौंडात, मोठा आकडा म्हणजे कडक. यात भलेभले गंडतात.)

खरी गोम त्या ३५ मध्ये आहे. तो आकडा २८ इंच ओढीचा. तुमची ओढ किती? कुणाला तरी बाजूला उभं राहून बाणावर स्केचपेनने खूण करायला सांगा, मुठीच्या खोबणीच्या रेषेत. दोरीच्या खाचेपासून त्या खुणेपर्यंत मोजा आणि पावणेदोन इंच मिळवा.

प्रतिसाद
खालीवरचं आधी सोडवा, डावंउजवं नंतर. बिनपंखी बाण खाली लागतोय म्हणजे दोरीवरचा नॉकिंग पॉइंट (बाण अडकवायची जागा) जरा वर बसलाय. एका वेळी दोन-तीन मिलिमीटर खाली घ्या, जास्त नाही.

आणि शेल्फवरून प्लास्टिकचे पंख? ते दुमडत नाहीत, शेल्फला घासतात. खरी पिसं लावा, वेगळ्या रंगाचं पीस बाहेरच्या बाजूला. आपल्याकडे पावसात ती भिजून केविलवाणी होतात, थोडी टाल्कम पावडर चोळायची. घासतंय का ते बघायला पंखांना लिपस्टिक लावून एक बाण मारा.

प्रतिसाद
मी शहापूरकडचा. आमच्या गावात तिरकमठेवाले बाबा बाण घेताना दोन-दोन शेजारी धरून अंगठ्याने वाकवून बघायचे. जो सोबत्याइतका वाकला नाही तो गुमान बाजूला. त्याला स्पाईन म्हणतात हे मला इथे आल्यावर कळलं.

प्रतिसाद
सगळ्यांचे आभार. मामाला स्केचपेन दिला. मोजमाप २४ इंच, म्हणजे ओढ पावणेसव्वीस. मग बॅगा तोलायचा हुकाचा काटा दोरीला अडकवून तेवढंच ओढलं तर १३.४ किलो, म्हणजे साडेएकोणतीस पौंड. पस्तीसचं धनुष्य माझ्या हातात तिसाचंही नाही!

आणि लिपस्टिकचा लाल फराटा शेल्फच्या कडेवर अगदी स्पष्ट. (लिपस्टिक वहिनीची होती. तिला अजून सांगितलेलं नाही.)

प्रतिसाद
मग चित्र साफ आहे. ५०० हा बाण तुमच्यासाठी कडकच. आधी टोक बदला, पुढे वजन वाढलं की बाण मऊ वागतो. १२५, १५० आणि १७५ ग्रेनचं एकेकच घ्या, डझनभर नको. १८० ग्रेन म्हणजे एक तोळा, म्हणजे जवळजवळ तोळ्याचं टोक होईल. तरीही डावीकडेच राहिला तर ६०० किंवा ७०० चे दोन शाफ्ट (बाणाच्या नुसत्या दांड्या) पूर्ण लांबीचे घ्या आणि पाव-पाव इंच कापत या. पोस्टातून मागवण्याआधी कुणाकडून उसने मिळतात का बघा. आणि पंख सोललेले बाण रुतले असतील तर काढल्यावर हलकेच वाकवून कानाशी धरा. करकर आली की तो बाण मोडीत.

प्रतिसाद
काल गेले होते. नॉकिंग पॉइंट दोनदा खाली घेतला, उंची जुळली. एका बाणाला पिसं चिकटवली, फराटा गेला. १७५ ग्रेनने बिनपंखी बाण वीतभरावरून तीन बोटांवर आला, पण अजून डावीकडेच. १०० ग्रेनचा जुना बाण लगेच मारून बघितला, परत वीतभर.

म्हणजे मऊ शाफ्ट लागणारच. वाशी-ऐरोली पट्ट्यात कुणाकडे ६०० किंवा ७०० चे दोन न कापलेले शाफ्ट रविवारपुरते मिळतील का? स्टेशनवर येऊन घेऊन जाईन. कापणार नाही, शपथ.